बैलाच्या फोटोत माणूस नको

किस्से गोवऱ्यांसारखे साठतात. रोज एखादी थापायची, भिंतीला मारायची आणि विसरून जायचं. एक दिवस मान वर करून बघावं तर सगळी भिंत भरलेली! आमच्या चौघांच्या भिंतीवर आता जागा उरलेली नाही.

चौघे म्हणजे गुंडप्पा, इस्माईलभाई, कांबळे आणि मी. देवणीच्या जनावरांच्या बाजाराला लागून चहाचं एक हॉटेल आहे. त्याच्यासमोर लिंबाखाली बाकडं आहे. ते आमचं. चौघांच्याही दावणीला देवणी जात. दुसरी जात आम्ही बांधत नाही, आणि बांधणाऱ्याला चहा विचारत नाही.

पूर्वी किस्से बेतानं व्हायचे. हातात कॅमेऱ्याचे फोन आले आणि भिंत पुरेनाशी झाली.

त्यातला एक किस्सा माझा आहे. माळेगावच्या जत्रेत माझी बायको हरवली होती. तो शेवटी सांगतो. ती सापडलेली आहे. आत्ता आत भाकरी थापून राहिली आहे, आणि "कुणाशी बडबड चाललीय?" म्हणून दोनदा विचारून झालं आहे. तेव्हा निवांत ऐका. मलाही आता निवांत सांगता येतं.

* * *

माझी शाळा तिसरीपर्यंत. पण बैल कसा उभा करावा हे मला शिकवणारा अजून जन्मायचा आहे.

मुलगा लातूरला मोटार वाइंडिंगच्या दुकानात आहे. त्यानं नवा फोन घेतला आणि जुना मला दिला. फोटो काढायला कांबळेनं शिकवलं. कांबळे एसटीत कंडक्टर होता, आमच्यात शिकलेला तोच.

"तात्या, हे गोल दाबलं की फोटो निघतो. बस."

"बस कसं?" मी म्हणालो. "आधी बैल उभा करावा लागतो."

माझ्या बैलाचं नाव नवाब. अंग पांढरंशुभ्र आणि तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या. आमच्याकडं त्याला वानेरा म्हणतात. असा बैल कसाही उभा करून चालत नाही. पुढचे पाय जोडीनं पाहिजेत. मागचा एक पाय जरा मागं. शेपूट सरळ. गळ्याखालची पोळी लोंबती दिसली पाहिजे. ऊन फोटो काढणाऱ्याच्या पाठीवर. आणि कान पुढं! कान पडलेला बैल आजारी दिसतो.

कान पुढं आणायची युक्ती गुंडप्पाची. पत्र्याच्या डब्यात पेंडीचे खडे टाकून तो डबा खुळखुळ वाजवतो. बैलाला वाटतं, खायला आलं. मान वर, कान ताठ! तेवढ्यात बटण दाबायचं.

दोरी धरायला माझी बायको. नवाब वासरू होता तेव्हापासून तिनंच त्याला भाकरीचा तुकडा चारून वाढवला. तिच्या हाताखाली तो दगडासारखा उभा राहतो. फक्त दर वेळी मला सांगावं लागतं, "जरा बाजूला हो. बैल झाकतोय." ती बाजूला होते. बैलाच्या फोटोत माणूस नको, हा आमचा नियम आहे. बघणाऱ्याला बैल बघायचा असतो, मालकीण नाही!

पहिला फोटो निघेपर्यंत सकाळची दुपार झाली. कांबळे घामाघूम होऊन म्हणाला, "तात्या, तुमच्या पोराच्या लग्नात एवढा वेळ लागला नव्हता."

"पोरगं हाललं तरी चालतं," मी म्हणालो.

* * *

गुंडप्पाचं शेत कर्नाटकाच्या हद्दीला लागून. बोलणं अर्धं मराठी, अर्धं कानडी, आणि राग आला की पूर्ण कानडी.

त्याच्या पुतण्याचं लग्न जमवायचं होतं. पोरगा चांगला, उदगीरला कापडाच्या दुकानात कामाला. निलंग्याकडचं स्थळ आलं. मुलीच्या बापानं फोनवर सांगितलं, "मुलाचे फोटो पाठवा. जरा नीट दिसतील असे पाठवा."

नीट दिसतील असे म्हटल्यावर गुंडप्पानं काम स्वतःच्या हातात घेतलं. पुतण्या म्हणत होता, "काका, मी स्टुडिओत जातो."

"स्टुडिओवाल्याला काय कळतंय? हो उभा!"

पोराला अंगणात उभं केलं. डावीकडून एक. उजवीकडून एक. समोरून एक. मग म्हणाला, "वळ." पाठीमागून एक. मग म्हणाला, "आऽ कर." दातांचा एक! शेवटी चप्पल काढायला लावून पावलांचाही काढला. आणि सगळे पाठवून दिले.

बाकड्यावर येऊन त्यानं मोठ्या कौतुकानं आम्हाला दाखवले. कांबळेनं कपाळाला हात लावला.

"अरे गुंडप्पा, नवरदेव हाय का खोंड? दात कशाला पाठवले?"

"समदं दाखवलेलं बरं," गुंडप्पा म्हणाला. "मागून फसवलं म्हणाय नको!"

निलंग्याकडून उत्तर येईना. पुतण्या घरात तोंड दाखवेना. गुंडप्पाची भावजय त्याला जेवायला वाढताना ताट आपटायला लागली. हातचं स्थळ गेलं, असं सगळ्या घरानं धरलं. गुंडप्पा बाकड्यावर येऊन नुसता बसायचा. चहा निवून जायचा, तरी पीत नव्हता.

मग मुलीच्या बापाचा फोन आला. तोही बैलवालाच निघाला!

"पोरगं पसंत हाय," तो म्हणाला. "फक्त थोडं चालवून व्हिडिओ पाठवा."

लग्न थाटात लागलं. सगळ्यांचा एकत्र फोटो काढायची वेळ आली तेव्हा फोटोग्राफर ओरडून ओरडून थकला. कुणी इकडं बघतंय, कुणी तिकडं, लेकरं रडतायत. गुंडप्पा उठला, टेम्पोतून डबा आणला आणि फोटोग्राफरच्या मागं उभा राहून खुळखुळ वाजवला.

सगळा मांडव एकदम वळला! तसा फोटो मी दुसऱ्या कुठल्या लग्नात पाहिला नाही. सगळ्यांच्या माना वर, एकही डोळा मिटलेला नाही. मांडवामागं शेजाऱ्याची म्हैस बांधली होती. ती दावं तोडून आली. तीही फोटोत आहे. कान पुढं.

* * *

इस्माईलभाई बाजारातला जुना दलाल. आमच्या बाजारात बैलाचा भाव तोंडानं बोलत नाहीत. दलाल आणि गिऱ्हाईक हातावर रुमाल टाकतात आणि रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव करतात. शेजारी उभ्या माणसाला काही कळत नाही. इस्माईलभाईचा सगळा जन्म त्या रुमालाखाली गेला. त्याच्या तोंडून भाव मी आजतागायत ऐकलेला नाही. घरी भाजी आणायला गेला तरी बोट दाखवतो.

कांबळेनं आमचा व्हॉट्सॲपचा ग्रुप काढला. आजूबाजूच्या तालुक्यांतले बैलवाले त्यात आले. इस्माईलभाईनं एका गोऱ्ह्याचा फोटो टाकला. देगलूरच्या एका माणसानं लगेच विचारलं, "इस्माईलभाई, भाव सांगा."

इस्माईलभाईनं आजूबाजूला बघितलं. मग खांद्यावरचा रुमाल काढला, डाव्या हातावर टाकला, आणि उजव्या हातानं त्याचा फोटो काढून पाठवला.

देगलूरवाल्याचा फोन आला. "भाई, हे काय पाठवलं?"

"भाव."

"पण दिसंना की!"

"दिसायचा न्हाईच! ग्रुपवर समदे बघून राहिले ना!"

आम्ही हसून हसून बाकड्यावरून पडायचे बाकी होतो. कांबळे त्याला समजावायला लागला, "भाई, आता हा सौदा गेला. असा धंदा होत नसतो."

तेवढ्यात फोन वाजला. देगलूरवाल्यानंही आपल्या रुमालाचा फोटो पाठवला होता!

इस्माईलभाईनं फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला. मग मान हलवून म्हणाला, "नक्को. बहोत कम बोल रहा."

पुढच्या बाजाराला देगलूरवाला स्वतः आला आणि गोऱ्हा घेऊन गेला. कांबळे आता इस्माईलभाईला धंद्यातलं काही शिकवत नाही.

* * *

कांबळे हुशार. पण कंडक्टर माणूस. तिकीट फाडल्याशिवाय त्याला एखादी गोष्ट झाली असं वाटतच नाही. घराबाहेर पडताना बंद गॅसचा फोटो काढतो, बंद नळाचा काढतो, कुलपाचा काढतो. वाटेत शंका आली की फोन उघडून बघतो आणि शांत होतो.

एकदा तो बायकोचे डोळे दाखवायला लातूरला निघाला होता. गाय घरी, दिवस भरत आलेली. बस शिरूर अनंतपाळच्या अलीकडं पोहोचली आणि त्यानं गोठ्याच्या कुलपाचा फोटो उघडला. कुलूप लावलेलं होतं. मन निवांत झालं. मग उगीचच फोटो मोठा करून बघितला. किल्ली कुलपातच!

मला फोन आला. "तात्या, पळा! गोठा उघडा राहिला म्हणा!"

मी गेलो. किल्ली जागेवर, गाय जागेवर, रवंथ करत उभी. तसं सांगितलं. पण कांबळेला नुसतं सांगून चालत नाही. "फोटो पाठवा," म्हणाला. मी गोठ्यात शिरलो, उजेडाच्या बाजूला झालो, नीट फोटो काढला, पाठवला.

परत फोन.

"तात्या, गाय बदलली!"

"डोकं ठिकाणावर हाय का?"

"ही माझी न्हाई! माझ्या गाईच्या पोटावर केवढा काळा ठिपका हाय! हिच्या पोटावर कुठाय?"

मी बघितलं. खरंच नव्हता. क्षणभर मीही चरकलो. तेवढ्यात फोन बंद झाला.

कांबळे शिरूरला उतरला, बायकोला उतरवलं आणि मिळेल त्या बसनं माघारी आला. चपला न काढता गोठ्यात शिरला. गाईला वळसा घातला आणि एरवी धार काढायला बसतो त्या जागी जाऊन बसला. समोर काळा ठिपका! गाईच्या पोटावर हात ठेवून त्यानं मोठा श्वास सोडला.

"हाव. हीच हाय."

मी फोटो दुसऱ्या बाजूनं काढला होता.

दारात त्याची बायको उभी. डोळे दाखवायचे राहिले ते राहिलेच. ती म्हणाली, "इतकी वर्षं धार काढून राहिले, अन् गाईची दुसरी बाजू कव्हा बघितली न्हाई?"

"तिकडं माझं कामच काय?" कांबळे म्हणाला.

गाय आठवडाभरात व्याली. कालवड झाली, दोघी सुखरूप. आम्ही मात्र या किस्स्यावर वर्षभर हसलो. सगळ्यात जास्त मी हसलो. ज्या माणसाला आपल्या गोठ्यातलं जनावर ओळखता येत नाही, त्यानं जनावर बाळगू नये, असं मी बाकड्यावर बोललोही.

* * *

पुढं सुनेनं नवा फोन घेतला. तिचा जुना माझ्या बायकोकडं आला.

तिनं कशाचे फोटो काढावेत? नवाबाचे! तेही भाकरी खातानाचे. तोंडाला तुकडा लागलेला, जीभ बाहेर, मान वाकडी. मी एकदा बघितले आणि सांगितलं, "बैल खाताना फोटो काढू नये. पोळी दिसत नाही, पाय दिसत नाहीत."

"तुमच्या फोटोत बैल दिसतो," ती म्हणाली. "माझ्या फोटोत नवाब दिसतो."

"दुसरं काही मिळत नाही काढायला?"

"तुमी ऱ्हाता का उभं?"

"मला कशाला? माझा काय बाजार मांडायचाय?"

तिनं फोन पिशवीत ठेवला आणि भांडी घासायला गेली.

* * *

आता माळेगाव.

नांदेड जिल्ह्यातली ही खंडोबाची जत्रा. घोडे, उंट, गाढवं, बैल, जिकडं बघावं तिकडं जनावर आणि जनावराइतकीच माणसं. आम्ही चौघे टेम्पो करून गेलो होतो. नवाब दाखवायला नेला होता. अनोळखी गर्दीत तो बिथरतो, म्हणून या खेपेला बायकोलाही आणलं. तिची ही पहिलीच जत्रा.

जत्रेत माझा एक रिवाज आहे. नवाबाची दोरी मी दुसऱ्याच्या हातात देत नाही. जेवण तिथंच, झोप तिथंच. देवाचं दर्शनसुद्धा लांबून कळसाला हात जोडून.

सकाळी बायको म्हणाली, "देवाला जाऊन येते. मग जेवू."

"गर्दीत आत घुसू नको," मी म्हणालो. नवाबाचं अंग पुसणं चाललं होतं. वर बघितलं नाही.

जेवायची वेळ झाली. ती आली नाही. नवाबाची सावली एका अंगानं होती, ती पोटाखाली आली, मग दुसऱ्या अंगाला पडली. तरी ती नाही.

तिला साखर आहे. जेवण टळलं की डोळ्यांपुढं अंधारी येते. घरी दोनदा पडलेली. गोळ्यांची पुडी आणि भाकरीचं गाठोडं माझ्याजवळ. फोन लावला. लागेना. एवढ्या गर्दीत कुणाच्याच फोनला रेंज नव्हती. इस्माईलभाई देवळाकडं गेला, कांबळे बांगड्यांच्या दुकानांकडं. दोघेही हात हलवत परत आले.

मी उठलो. दोरी सोडली आणि गुंडप्पाच्या हातात दिली.

गुंडप्पानं दोरीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. दोरी मनगटाला गुंडाळून घेतली.

मी घाबरलो होतो, असं मी म्हणणार नाही. पण वाटेत पाणी प्यायलो तेव्हा तांब्या इस्माईलभाईनं धरला होता, एवढं खरं.

पोलिसांच्या मदतीच्या मंडपात एक पोरगी बसली होती, खाकी कपड्यांतली, माझ्या नातीपेक्षा थोडी मोठी. म्हणाली, "आजोबा, घाबरू नका. आजीचा फोटो आहे का?"

"हाय की." मी फोन उघडून दिला.

नवाब डावीकडून.

"पुढं सरकव," मी म्हणालो.

नवाब उजवीकडून. नवाब समोरून. नवाबाचे दात. पोरगी बोटानं सरकवत गेली. नवाब, नवाब, नवाब. ती थांबली आणि माझ्याकडं बघितलं.

"आजोबा, आजी?"

"येईल. सरकव."

बरंच सरकवल्यावर एक फोटो आला. कडेला, दोरीवर, एक हात होता. हिरव्या बांगड्या.

"ही! हीच!"

"आजोबा, हा हात आहे."

"हात तिचाच हाय."

पोरगीनं मंडपाबाहेर बघितलं. बाहेर बायकांची ही गर्दी, सगळ्यांच्या हातात हिरव्या बांगड्या. तिनं विचारलं, "साडी कुठल्या रंगाची नेसल्या होत्या?"

मी आठवलं. खूप आठवलं. "नवाबाची दोरी लाल हाय," मी म्हणालो. "तिनंच वळलीय."

कांबळे माझ्या मागं उभा होता. वर्षभराचं हसणं त्याच्याकडं जमा होतं. तो हसला नाही. माझ्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला.

तेवढ्यात त्या पोरीच्या टेबलावरचा वायरलेस खरखरला. जत्रेच्या दुसऱ्या टोकाच्या मंडपातून कुणी शिपाई बोलत होता.

"मॅडम, इकडं एक आजी आल्यात. मालक हरवलेत म्हणतात. मालकाचा फोटो मागितला, तर बैलाचा फोटो दाखवून राहिल्यात. काय करू?"

पोरगी ताठ बसली. "कसला बैल?"

"पांढरा. तोंडाला दोन्हीकडून काळा. भाकर खाऊन राहिलाय."

"माझा बैल!" मी ओरडलो. "तोच! माझाच बैल हाय!"

"आजोबा," ती पोरगी म्हणाली, "आजी सापडल्या म्हणा की!"

इस्माईलभाई मटकन खुर्चीवर बसला. खुर्ची साहेबाची होती. कुणी उठवलं नाही.

वायरलेसवर शिपाई पुढं बोलत होता. "आजी म्हणतात, माणसाचा फोटो नाही. पण हा बैल जिथं बांधला असंल तिथं मालक बसलेले असतील. बैल सोडून ते कुठं जात न्हाईत. मला बैलापाशी न्या, म्हणतात."

"न्या," पोरगी म्हणाली. मग मला म्हणाली, "चला आजोबा, मीही येते. एवढा बैल आता बघायलाच पाहिजे."

आम्ही निघालो. पण बायको आमच्याआधी पोहोचली. तिथं काय झालं ते गुंडप्पानं नंतर सांगितलं. ती शिपायाबरोबर आली तेव्हा चांगली चालत होती. दर्शनाच्या रांगेतून दुसऱ्याच बाजूला बाहेर पडली, वाट चुकली. कुणा बाईनं गुळाचा खडा दिला तो खाऊन बसून राहिली. रडली नाही, घाबरली नाही. शिपायालाच धीर देत आली, "ते तिथंच हायेत बगा, बैलापाशी."

आणि बघते तर नवाबाची दोरी गुंडप्पाच्या हातात.

"हे कुठं हायेत?"

"तुमाला हुडकाय गेलाय," गुंडप्पा म्हणाला.

"बैल सोडून?"

"हौदु," गुंडप्पा कानडीत म्हणाला. म्हणजे हो.

"नवाबाला सोडून?"

गुंडप्पानं मान हलवली. मग ती खाली बसली आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली. गुंडप्पा घाबरला. त्याला काही सुचेना. त्यानं डबा वाजवला.

मी पोहोचलो तेव्हा तिनं डोळे पुसले होते. साडी निळी होती. काठ पिवळा.

"बैल दुसऱ्याच्या हातात देऊन कुणी जातं का?" ती म्हणाली.

"गोळी खा," मी म्हणालो.

गाठोडं सोडलं. तिनं अर्धी भाकरी खाल्ली, गोळी घेतली, आणि उरलेल्यातला तुकडा नवाबाला दिला. तिच्या तोंडावर हळूहळू रंग आला. मग मीही जेवलो. त्या भाकरीची चव अजून तोंडात आहे.

खाकीतली पोरगी नवाबाला हात लावून लावून बघत होती. जाताना म्हणाली, "आजोबा, आता दोघांचा एक फोटो काढून ठेवा. परत हरवलात तर मी हात शोधत बसणार नाही."

कांबळेनं माझा फोन घेतला. मी बायकोशेजारी उभा राहिलो. ती पदर सारखा करत होती. नवाब आमच्या मागं.

"तात्या, मान वर!" कांबळे म्हणाला. "गुंडप्पा, वाजव!"

गुंडप्पानं डबा वाजवला. नवाबानं कान ताठ केले आणि आपलं ते भलंमोठं तोंड आमच्या दोघांच्या मधून पुढं काढलं.

कांबळे थांबला.

मी नवाबाची वेसण धरली आणि त्याचं तोंड मागं लोटलं.

"जरा बाजूला हो," मी म्हणालो. "ती झाकतेय."